‘खत’च्या प्रकल्प नोंदी: तीन सोबती, दोन पूर्वकथा

नोकरी सांभाळून संध्याकाळच्या दीड-दोन तासांत मी एक लहान मराठी आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचा संगणकावरचा खेळ, तयार केला, त्या कामाच्या या नोंदी आहेत. खेळाचे नाव ‘खत’, म्हणजे कर्जरोखा. (पहिल्या दोन परीक्षकांना तो शेतीचा खेळ वाटला, नाव तरीही बदललेले नाही.) यात लढाया नाहीत. वाट, मुक्काम आणि बोलणे एवढेच आहे, त्यामुळे सोबती नीट उभे राहिले नाहीत तर खेळात काहीच उरत नाही. चित्रे एका मैत्रिणीने काढली आहेत, बाकीचे काम माझे आहे. मराठीत असे काही लिहू पाहणाऱ्याला माझ्या चुका आयत्या मिळाव्यात, म्हणून त्या तारखांसकट ठेवत आहे.

१४ जून २०२४

खेळ १८७६ च्या हिवाळ्यात घडतो. पावसाने दगा दिला आहे, माण तालुक्यातली माणसे काम शोधत उत्तरेकडे निघाली आहेत, आणि त्यांची वाट फलटण, नीरा, सुपे, पाटस, दौंड अशी आहे. शेवट रेल्वेच्या दुष्काळी कामावर होतो; दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम अशाच माणसांनी केले आणि तो मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. सुपे मुद्दाम घेतले आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खते आणि वह्या बाहेर ओढून जाळल्या, आणि ते लोण पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये पसरले. माझी माणसे त्यानंतर दीड वर्षाने त्याच बाजारातून जातात.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ या २००९ च्या खेळात नायकाच्या सहा सुरुवाती आहेत. मला त्यातली खरी गंमत सुरुवातीत नव्हे तर मध्यावर वाटली होती: बुटक्यांच्या राजघराण्यातला नायक ओर्झामार या त्यांच्या राजधानीत परततो, तेव्हा ज्या भावाने त्याला कपटाने देशोधडीला लावले तोच गादीवर हक्क सांगत उभा असतो. पेरलेले तिथे वसूल होते. मीही तीन सुरुवाती ठरवल्या आहेत: सुप्याला वह्या जाळणाऱ्यांतला कुणबी, बलुते बंद झालेला सुतार आणि सावकाराचा कारकून. सोबतीही तीनच: माणदेशातली विधवा बायजा, सुप्याच्या सावकाराकडचे माजी कारकून गोविंदपंत, आणि रेल्वे आल्यावर ज्याचा बैलांवरचा माल वाहण्याचा धंदा बसला तो लमाण, धर्मा. सगळ्याचा अंदाज चार महिने आणि चाळीस हजार शब्द.

(नंतरची भर: हा अंदाज मी कशाच्या आधारावर केला होता, ते मला आता सांगता येणार नाही.)

२ जुलै

गोविंदपंतांची पूर्वकथा नऊ पाने झाली. मुंज, भावाकडे गेलेले कुळकर्ण, सावकाराच्या ओसरीवरची बारा वर्षे, जाळपोळीचा दिवस, सगळे आले. मी खूश होतो. मग त्यातला मोठा भाग मी पहिल्या मुक्कामावरच्या संवादात घातला, कारण इतके लिहिलेले वाया कसे घालवायचे. एका मित्राला खेळायला बसवले आणि मागे उभे राहून मोजले: त्याने स्पेसबार एकतीस वेळा दाबला, एकही वाक्य पुरते वाचले नाही, आणि शेवटी विचारले, “हे गृहस्थ कोण आहेत?”

तीन संध्याकाळी घालवून नऊ पानांतल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावला. यामुळे हा माणूस वाटेवर काही वेगळे करील का? त्या चाळणीतून चार गोष्टी उरल्या. पंतांना दिवसाचा खर्च लिहिल्याशिवाय झोप येत नाही. त्यांना आगीजवळ बसवत नाही. जळणाऱ्या ढिगातून त्यांनी एक वही ओढून काढली होती आणि ती त्यांच्या बोचक्यात आहे. त्या वहीत बायजाच्या भावाचे नाव आहे, कारण तिचे माहेर सुप्याजवळचे. मुंज गेली, भाऊ गेला, ओसरीही गेली.

पहिल्या मुक्कामाचा प्रसंग आता असा आहे. बायजा शेकोटी पेटवते, सगळे जवळ सरकतात, आणि पंत न बोलता उठून बैलाच्या पलीकडे जाऊन बसतात. खेळाडू त्यांच्या मागे गेलाच, तर एवढेच घडते:

“अंधारात काय लिहिता?”
“आजचा खर्च. जोंधळे, मीठ, सरपण.”
“कुणाच्या नावे?”
“अजून ठरलं नाही.”

आधी सहाशे चाळीस शब्द होते, आता प्रसंगाच्या वर्णनासकट शंभराच्या आत आहेत. त्याच मित्राला पुन्हा बसवले. तो पंतांच्या मागे आपणहून गेला आणि बोचके उघडता येते का, ते शोधू लागला. बोचके अजून उघडत नव्हते, ते काम माझ्यावर पडले.

२१ जुलै

खेळाडूला स्त्री किंवा पुरुष निवडता यावे, असे मी पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झालो होतो. आज त्याची किंमत कळली. लिहिलेल्या पहिल्या सहा हजार शब्दांत खेळाडूचे लिंग उघडे पाडणारी दोनशे चौदा वाक्ये निघाली. तू आलास की आलीस, थकलास की थकलीस, आणि खेळाडूच्या स्वतःच्या तोंडी मी जातो की जाते.

२००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये नायकाचे पहिले नाव काहीही ठेवता येते, पण सगळे त्याला किंवा तिला ‘शेपर्ड’ या आडनावानेच हाक मारतात, म्हणून ध्वनिमुद्रण निभावते. मराठीत आडनावाने भागत नाही, कारण लिंग क्रियापदात बसलेले असते. दोन दिवस कागदावर खरडल्यावर दोन पळवाटा सापडल्या. पहिली म्हणजे ‘तुम्ही’. ‘तुम्ही आलात’ पुरुषालाही चालते आणि स्त्रीलाही. दुसरी म्हणजे कर्मणी प्रयोग. ‘तू वही जाळलीस’ या वाक्यात क्रियापद वहीच्या मागे जाते, जाळणाऱ्याच्या नव्हे. म्हणून जिथे सोबत्याने खेळाडूला ‘तू’ म्हणायचे आहे, तिथे त्याला काहीतरी खायला, उचलायला, जाळायला किंवा लपवायला लावायचे. ‘तू घाबरलास’ऐवजी ‘तू मान खाली घातलीस’. वाक्य सुधारते, हा वरचा नफा.

दोनशे चौदापैकी एकशे साठ वाक्ये या दोन वाटांनी सुटली. उरलेल्या चौपन्नांसाठी दोन-दोन रूपे लिहावी लागतील.

४ ऑगस्ट

वरची नोंद वाचून कोणी सगळीकडे ‘तुम्ही’ घालणार असेल, तर थांबा. मी तेच केले. बायजाचे सगळे बोलणे ‘तुम्ही’त बदलले आणि साताऱ्याकडच्या आत्याला वाचायला दिले. तिने एक पान वाचून विचारले, “ही बाई तलाठ्याशी बोलतेय का?”

आत्याचे बरोबर होते. पंचेचाळिशीची, चार लेकरे पुरलेली, शेतात राबलेली बाई वाटेत भेटलेल्या तरण्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणणार नाही. ती पहिल्या वाक्यापासून ‘तू’ म्हणेल, आणि जेव्हा तिचे बिनसेल, तेव्हाच ‘तुमी’ वर येईल: “तुमी शिकल्याली मान्सं, तुमास्नी म्या काय सांगावं.” म्हणजे बायजाच्या तोंडी ‘तुमी’ ही शिक्षा आहे. लिंगाची अडचण ‘लेकरा’ या हाकेने बरीच सोडवली, कारण लेकरू मुलगाही असतो आणि मुलगीही. “कुटलं गाव तुजं, लेकरा?” यात काही उघडे पडत नाही.

मग पंतांचेही तपासले. मी त्यांना सभ्य दाखवायच्या नादात कुणब्याला ‘तुम्ही’ म्हणायला लावले होते. सावकाराच्या ओसरीवर बारा वर्षे बसलेला कारकून ऋणकोला ‘तू’ आणि ‘अरे’ म्हणतो, समोरचा त्याला ‘पंत, तुम्ही’ म्हणतो, आणि दोघांनाही त्यात वावगे वाटत नाही. सुतार झाला तरी तेच. त्यामुळे पंतांची शिडी उलट दिशेने लागली: ते ‘तू’पासून सुरू करतात आणि खेळाडूने काही विशिष्ट गोष्टी केल्या तर सुप्यानंतर कधीतरी, त्यांच्याही नकळत, ‘तुम्ही’वर येतात. ते ‘तुम्ही’ मी खेळात एकाच ठिकाणी ठेवले आहे.

संवाद लिहायला बसण्याआधी कोण कोणाला काय म्हणते याचा एक तक्ता करावा, हे मला पन्नास दिवसांनी सुचले. तक्ता अर्ध्या तासात झाला. आधीचे अकरा हजार शब्द मात्र पुन्हा लिहावे लागले.

२५ ऑगस्ट

हा पंधरवडा तांत्रिक खड्ड्यात गेला. संवाद मी ‘इंक’ या संवादलेखनाच्या मोफत भाषेत लिहितो आणि खेळ ‘गोडो’ या खेळ बांधण्याच्या मोफत साधनाच्या चौथ्या आवृत्तीत बांधतो. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नव्हती, चौथ्या आवृत्तीपासून (२०२३) जुळतात, म्हणून जुने धडे पाहून तिसरी घेऊ नये.

पहिली चूक अतिशहाणपणाची. दोन-दोन रूपे लिहिण्याऐवजी मी नुसता शेवटचा स्वर चलात (बदलती किंमत साठवणाऱ्या नावात) ठेवला: पुरुषासाठी काना, स्त्रीसाठी वेलांटी, आणि वाक्यात ‘आल’ अधिक चल अधिक ‘स’. एकटे स्वरचिन्ह मजकूर लिहिण्याच्या प्रणालीत ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेले दिसते. शुद्धलेखन तपासणाऱ्या मित्राला तो गोल कचरा वाटला आणि त्याने तो सगळीकडून पुसून टाकला. त्यानंतर बायजा सर्वांना “कवा आलस?” असे विचारू लागली, आणि ती माणदेशी बोलते म्हणून ते मला दोन आठवडे खटकलेच नाही. पंत जेव्हा “केव्हा निघालस?” म्हणाले तेव्हा मी जागा झालो. आता दोन्ही रूपे पूर्ण शब्द म्हणून लिहिली आहेत.

दुसरी चूक टंकलेखनासारख्या अक्षर-अक्षर उमटणाऱ्या मजकुराची. ‘किती’ उमटताना आधी ‘क’ दिसायचा, मग त्याच्या डावीकडे वेलांटी उडी मारून यायची, आणि पूर्ण ओळ थरथरल्यासारखी वाटायची. गोडोच्या मजकूर-पट्टीला अक्षरे कधी लपवायची हे सांगणारा एक गुणधर्म आहे. तो ‘आकार जुळवण्याआधी’वरून ‘आकार जुळवल्यानंतर’वर नेला की थरथर थांबते. दोन मिनिटांचे काम, शोधायला चार संध्याकाळी.

२२ सप्टेंबर

मर्जीचा आकडा काढून टाकला. हे लिहायला सोपे आहे, पण त्यासाठी सहा आठवड्यांचे काम फेकावे लागले.

‘ओरिजिन्स’मध्ये प्रत्येक सोबत्याची मर्जी उणे शंभर ते अधिक शंभर अशी मोजली जाते आणि भेटवस्तू देऊन ती वाढवता येते. मी तीच पट्टी उचलली होती. भेटवस्तूंच्या जागी अन्न होते, कारण दुष्काळात दुसरे देण्यासारखे काय असते. चार जणांनी खेळून पाहिले आणि चौघांनीही एकच गोष्ट केली: बायजाला मुठी-मुठीने जोंधळे देऊन पट्टी भरली आणि मग तिच्याशी कसेही वागले. एकाने तर आधी मुद्दाम तिच्या मनाविरुद्ध वागून मग धान्याने भरपाई केली, कारण त्यातून तिचे दोन्ही प्रकारचे संवाद ऐकायला मिळत होते. त्याचा दोष नाही. मी भाकरीचा भाव ठरवला होता आणि तो त्या भावाने घेत होता. जानेवारी १८७७ मध्ये ब्रिटिश सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर आणली. ज्या खेळाचा शेवटचा प्रसंग त्या पौंडभर धान्याच्या मापासमोर उभा आहे, त्यात मूठभर जोंधळ्यांना पाच गुण देणारी पट्टी ठेवणे मला जमेना.

त्याच ‘ओरिजिन्स’मध्ये मला पर्यायही सापडला. पवित्र राखेचे पात्र विटाळले आणि विन ही वृद्ध चेटकीण सोबत असेल, तर आधीची मर्जी कितीही असो, ती उलटते. तिथे बेरीज चालत नाही, एकच कृत्य चालते. आता माझा प्रत्येक सोबती तीनच गोष्टी लक्षात ठेवतो. बायजासाठी त्या अशा: माणच्या ओढ्यावर कुणी आधी पाणी प्यायले, तिच्या भावाचे नाव कुणाकडून कळले, आणि रात्री ती रडत होती तेव्हा खेळाडूने विचारले की गप्प राहिला. इंकमध्ये कोणता प्रसंग किती वेळा येऊन गेला हे आपोआप नोंदले जाते, त्यामुळे वेगळी चले फारशी ठेवावी लागली नाहीत. धान्य दिले की ती खाते. बस. कधी आभार मानते, कधी अर्धे बांधून ठेवते.

पडद्यावर ‘बायजाला हे आवडले’ असे काही उमटत नाही. दोन परीक्षकांनी त्याबद्दल तक्रार केली की आपण बरोबर चाललो आहोत का ते कळत नाही. ती तक्रार मी तशीच ठेवली आहे.

६ ऑक्टोबर

धर्माबद्दल मला लाज वाटावी अशी चूक. लमाणांची भाषा मला येत नाही, म्हणून मी त्याच्या तोंडी एक मोडकी मराठी घातली होती: विभक्ती गाळलेली, सगळ्यांना ‘तू’, अधूनमधून गाण्यातून ऐकलेले दोन-चार गोरमाटी शब्द. कार्यालयातला एक सहकारी तांड्यावर वाढलेला आहे. त्याला दाखवले. तो हसला, आणि हसणे संपल्यावर म्हणाला, “आमचा आजा बाजारात तुझ्यापेक्षा नीट मराठी बोलायचा. चार मुलखांत मीठ आणि धान्य विकायचं, तर बोलता नको यायला?”

त्याच्याबरोबर दोन रविवार बसलो. धर्मा आता व्यापाऱ्याची स्वच्छ, जरा जुनी मराठी बोलतो, अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, आणि भाव करतो. गोरमाटी तो फक्त बैलाशी बोलतो, तीही पाच ओळींपेक्षा जास्त नाही, आणि त्या पाचही ओळी सहकाऱ्याने आईला फोनवर ऐकवून पक्क्या केल्या आहेत. त्या ओळींचा अर्थ खेळात कुठेही दिलेला नाही. खेळाडूने धर्माशी तिन्ही गोष्टी नीट निभावल्या, तर शेवटी तो बैलाशी मराठीत बोलतो, म्हणजे खेळाडूला कळावे असे. हे सहकाऱ्याने सुचवले, श्रेयनामावलीत त्याचे नाव आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळी. काम शून्य.

२४ नोव्हेंबर

तिसरी सुरुवात, सावकाराचा कारकून, रद्द. आठ हजार शब्द आणि जवळपास दोन महिने पाण्यात.

कसे गेले ते सांगतो. कारकून म्हणून खेळणाऱ्याला पंतांसारखाच दुसरा कारकून सोबती मिळत होता, आणि दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही नव्हते. म्हणून मी २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ची युक्ती वापरायचे ठरवले. तिथे ॲस्टेरियन, शॅडोहार्ट, गेल वगैरे मंडळी सोबती म्हणून भेटतात किंवा आपण स्वतः त्यांपैकी एक होऊन खेळू शकतो. मीही गोविंदपंतच खेळायला द्यायचे ठरवले.

अडचण बोचक्यापाशी आली. पंत सोबती असतात तेव्हा त्यांच्या बोचक्यात काय आहे हे कुतूहल खेळाडूला सुप्यापर्यंत ओढत नेते. खेळाडू स्वतः पंत असेल, तर बोचके त्याच्याच खांद्यावर आहे. मी पहिल्यांदा खेळाडूपासून वही लपवली. ‘स्वतःच्या बोचक्यात काय आहे हे मलाच माहीत नाही’ ही खेळाडूंची तक्रार रास्त होती. मग पहिल्याच पडद्यावर वही दाखवली. त्यानंतर पुढचे चार तास कोणी काही विचारण्यासारखे उरले नाही. ॲस्टेरियन रात्री आपल्या मानेवर वाकलेला सापडतो, त्या प्रसंगाची जागा ॲस्टेरियन म्हणून खेळताना वेगळ्या प्रकारच्या ताणाने भरावी लागते: तो रक्तपिपासू आहे हे आपल्याला ठाऊकच असते, आता ते इतरांपासून झाकायचे असते. म्हणजे तो दुसरा खेळ लिहिण्यासारखेच आहे. तेवढी माणसे आणि तेवढी वर्षे माझ्याकडे नाहीत.

दोनच सुरुवाती ठेवल्या, तेव्हा सुप्याचा प्रसंग एकदम मोकळा झाला. कुणबी म्हणून आलेल्याला त्या बाजारातली राख आठवते आणि पंत त्याच्याकडे पाहतात. दोघेही त्या दिवशी तिथे होते, हे दोघांनाही कळते, आणि संवादात मी ते कुणालाही उच्चारू दिलेले नाही. सुतार म्हणून आलेल्याला बाजारात काहीच आठवत नाही, तो मोडलेल्या गाड्याचा साटा बघतो, आणि पंतांनाच आपणहून बोलावे लागते. सुताराची आवृत्ती लांब आहे, पण परीक्षकांना कुणब्याची लक्षात राहते.

१५ डिसेंबर

सोबत्यांचे आपसातले बोलणे. ‘बाल्डर्स गेट २’मध्ये (२०००) चालता चालता सोबती एकमेकांना टोमणे मारू लागतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे का हवे ते सांगायला नको. तीन सोबत्यांच्या तीन जोड्या, प्रत्येकी पाच संभाषणे, एकूण पंधरा. लिहायला सगळ्यात मजा याचीच आली आणि चार दिवसांत झाली.

बिघडले ते वेळापत्रकात. पाटसजवळ खेळाडूने वही जाळली, तर पंत रात्रीतून निघून जातात. एका परीक्षकाकडे ते निघून गेल्यावर दुसऱ्या सकाळी बायजा म्हणाली, “आवं पंत, पायाला फडकं बांधा की,” मग पडदा रिकामा राहिला, आणि ती पुढे म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मग.” परीक्षकाने कळवले की हा खेळातला सर्वांत सुन्न करणारा क्षण आहे. तो निव्वळ दोष होता. कोण सोबत आहे याची तपासणी मी संभाषण रांगेत टाकताना करत होतो, प्रत्यक्ष उमटताना नव्हे, आणि मधल्या काळात माणूस निघून गेला होता. तपासणी उमटण्याच्या क्षणी हलवली. मोह खूप झाला, पण ती चूक प्रसंग म्हणून ठेवली नाही, कारण धर्माच्या बाबतीतही ती घडत होती आणि तिथे तो मागे राहिलेला बैल ‘हो’ म्हणत असे.

१९ जानेवारी २०२५

सहा जणांची सलग चाचणी. सरासरी साडेतीन तास लागले. सहांपैकी पाच जणांनी कुणबी निवडला. पंतांचे एकमेव ‘तुम्ही’ चौघांपर्यंत पोहोचले, त्यांतल्या तिघांच्या ते लक्षात आले, आणि एकीने खेळ थांबवून ओळ पुन्हा वाचली. चौथ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की त्याच्या घरी सगळे सगळ्यांना ‘तुम्ही’च म्हणतात. याला माझ्याकडे उपाय नाही.

बायजाचे ‘तुमी’ मात्र सहाही जणांना झोंबले.

९ फेब्रुवारी

हिशेब. चार चेहऱ्यांच्या चित्रांचे चौदा हजार रुपये, पंतांचा चेहरा दुसऱ्यांदा काढून घेतला त्याचे अडीच हजार (पहिल्या चित्रात ते कटकारस्थानी दिसत होते, म्हणजे चित्रच पूर्वकथा सांगून मोकळे होत होते), सहकाऱ्याच्या आईसाठी साडी. टंक (फाँट) ‘मुक्त’ नावाचा, फुकट आणि खुल्या परवान्याचा. वेळ चार महिन्यांऐवजी आठ. खेळात उरलेले शब्द तेवीस हजार, लिहिलेले त्याच्या दुपटीहून जास्त.

आणखी एक आपटी. खेळ ब्राउझरमध्येच चालावा, उतरवून घ्यावा लागू नये, अशी इच्छा होती. इंकला गोडोशी जोडणारा जो दुवा मी वापरला त्याला गोडोची सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती लागते, आणि चौथ्या गोडोत सी-शार्पचे प्रकल्प ब्राउझरसाठी बाहेर काढताच येत नाहीत. हे पहिल्या दिवशी तपासायला पाच मिनिटे लागली असती. आता खेळ इच डॉट आयओ या छोट्या खेळांच्या संकेतस्थळावर विंडोज आणि लिनक्ससाठी उतरवून घ्यावा लागतो.

१६ फेब्रुवारी

सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी खेळ पूर्ण केला आणि एकच त्रुटी कळवली. पंतांच्या पहिल्या रात्रीच्या चिठ्ठीत जोंधळे ३ आणे ६ पै, मीठ ६ पै आणि सरपण १ आणा असे आहे, आणि खाली बेरीज ५ आणे २ पै लिहिली आहे. मी दशांशात बेरीज करून बसलो होतो. बारा पैंचा आणा, म्हणून बरोबर उत्तर ५ आणे. काकांनी लिहिले आहे की असा कारकून कोणत्याही सावकाराने आठवडाभरही ठेवला नसता.

पहिल्या रात्रीची चिठ्ठी दुरुस्त केली. मग सगळ्या चिठ्ठ्या काढून तपासल्या, सात होत्या, आणखी दोन चुकलेल्या निघाल्या. त्यांपैकी पाटसची दुरुस्त केली. सुप्याच्या बाजारातून बाहेर पडल्यावर त्याच रात्री पंत जी चिठ्ठी लिहितात, तिच्यातली दोन पैंची चूक तशीच राहू दिली आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिठ्ठी त्यांच्या बोचक्यात नसते.